वीतभर उंची

ओले कुरण ही भूमीची अशी अवस्था आहे, जिला धड जमीन म्हणता येत नाही आणि धड पाणीही म्हणता येत नाही. वर्षातला बराच काळ तिथली माती पाण्याने पूर्ण भरलेली असते, पृष्ठभागावर मात्र पाणी दिसेलच असे नाही. अशा मातीत बहुतेक वृक्षांची मुळे गुदमरतात, आणि वृक्षांनी सोडून दिलेल्या त्या उघड्यावर गवते, लव्हाळी आणि ओलीला सरावलेली बारीक फुलझाडे एकत्र नांदतात. वनस्पतिशास्त्र अशा सहवासाला ‘वनस्पती-समुदाय’ म्हणते, म्हणजे एकाच जागेच्या त्याच त्या अटी मान्य करणाऱ्या आणि म्हणून पुन्हा पुन्हा एकत्र सापडणाऱ्या जातींचा समूह. या विषयावरचे पुष्कळसे लेखन उंच पर्वतांवरून आलेले आहे. हिमालयातल्या बुग्याळांमधले, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांमधले, पाणथळ खोलगट भाग, आल्प्समधले झऱ्यांकाठचे उतार, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात सुमारे २,६०० मीटर उंचीवर पसरलेले टुआलमीचे कुरण, अशा ठिकाणी हिवाळाभर साचलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, भूजल जमिनीच्या अगदी लगत टेकवून धरतो, आणि त्या संथ ओलीवर तिथली सारी हिरवळ जगते.

कोहमारा या गावाशी यातले काहीच जुळत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता यांच्या छेदावर बसलेले आहे. बहुतेकांना ते बस बदलण्याचे किंवा चहा घेण्याचे ठिकाण म्हणूनच माहीत असते. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम ३०० मीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणारा, आणि बर्फाचा संबंध फार तर टपरीवरच्या सरबतापुरता. तरीही महामार्गाच्या उत्तरेला नागझिऱ्याचे आणि दक्षिणेला नवेगावचे रान, आणि या दोहोंच्या मधल्या गावागावांत पसरलेले जुने तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, यांचा प्रदेश पाहिला, की पर्वतावरच्या ओल्या कुरणाचा विचार इथे आणणे दिसते तेवढे वावगे ठरत नाही. किंबहुना उंचीचा पडदा बाजूला झाल्यामुळे त्या कुरणाचे खरे कारण इथेच अधिक उघडे दिसते.

ते कारण म्हणजे पाण्याचा मुक्काम. एखाद्या जागी माती वर्षातून किती दिवस भिजलेली राहते, किती खोलीपर्यंत राहते आणि कोणत्या ऋतूत राहते, या तिन्ही गोष्टी मिळून त्या जागेचा ‘जलावधी’ ठरतो, आणि तिथे कोणती वनस्पती टिकेल याचा निर्णय बहुतांशी हा जलावधीच करतो. पर्वतावर तो ठरवण्याचे काम बर्फ करतो, कारण बर्फ हा पाण्याचा असा साठा आहे, की ज्याला दार लागत नाही; तो स्वतःच थोडाथोडा मोकळा होत जातो. कोहमारा ज्यात मोडते त्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत येऊन जातो, आणि ज्या भूमीवर तो पडतो ती पाणी धरून ठेवण्यास फारशी उत्सुक नसते. इथे बर्फाचे काम मातीच्या पाळीने केले. उताराच्या तोंडाशी घातलेली पाळ, पाणी सोडण्यासाठी तिच्यात बसवलेले ‘तुडुम’, आणि जास्तीचे पाणी सुखरूप निघून जावे म्हणून काढलेला सांडवा, एवढ्या तीन अवयवांवर सहा-आठ महिन्यांची ओल माणसाने निर्माण केली. उद्देश अर्थातच धानाचा होता. कुरण हे त्या उद्देशाचे न मागितलेले फळ.

हे तलाव बांधण्याचे श्रेय या भागातल्या कोहळी समाजाकडे जाते. नवेगावबांधचा सात बहिणींच्या डोंगरांनी वेढलेला विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे मालगुजारीच्या काळात गावोगावचे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, देखरेखीखाली आले. आज त्यांना ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक सांगितली जाते. कोहळ्यांना भूमापनाची यंत्रे ठाऊक नव्हती, पण पाणी कोणत्या बाजूने येईल, कुठे रेंगाळेल आणि कोणत्या मातीत मुरून जाईल याचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, आणि त्या ज्ञानाचे अवशेष मातीच्या नावांत अजून शिल्लक आहेत. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी ही नावे रंगावरून पडलेली नाहीत. कोणती माती पाणी किती धरते आणि कोणते पीक कितपत तारते याचा अनुभव त्यांत साठला आहे. आधुनिक मृदाशास्त्राच्या वर्गीकरणापेक्षा ही पाच नावे ओल्या कुरणाच्या अभ्यासकाला पहिल्या दिवशी अधिक उपयोगी पडतील, असे म्हणायला हरकत नाही.

पाण्याने भरलेल्या मातीत नेमके काय घडते, हे इथे सांगितले पाहिजे. मातीच्या कणांमधली पोकळी एरवी हवेने भरलेली असते आणि मुळे त्या हवेतला प्राणवायू घेतात. ती पोकळी पाण्याने भरली, की प्राणवायूचा प्रवास हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. जो थोडाफार उरलेला असतो तो सूक्ष्मजीव काही दिवसांतच संपवतात, आणि मग ते आपल्या श्वसनासाठी मातीतल्या लोहाच्या संयुगांकडे वळतात. लोहाचे रूप बदलले की मातीचा तांबूसपणा जातो आणि ती राखाडी, निळसर होते. अशा मातीत जगायचे तर वनस्पतीला हवा वरून खाली न्यावी लागते. त्यासाठी लव्हाळी, कमळे आणि धानसुद्धा आपल्या खोडात व मुळांत पोकळ नलिकांचे जाळे विणतात. त्याला ‘वायु-ऊती’ म्हणतात. कमळाचा देठ मोडला की दिसणारी भोके ती हीच. पानांनी घेतलेली हवा या वाटेने मुळांच्या टोकापर्यंत उतरते, थोडी बाहेरही झिरपते, आणि तिच्या स्पर्शाने मुळाभोवतीचे लोह पुन्हा गंजते. म्हणून रोवणीनंतर महिन्याभराने धानाचे रोप उपटून पाहिले, तर राखाडी चिखलातून वर आलेल्या मुळांवर तांबूस लेप दिसतो. टुआलमीच्या कुरणातील लव्हाळीची मुळे ज्या रसायनावर जगतात, तेच रसायन कोहमाऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातही चाललेले असते. या दोन ठिकाणांत उंचीचा फरक सव्वादोन हजार मीटरांहून अधिक आहे, तरी मुळांना तो कळत नाही.

तलावाच्या पोटात मात्र उंचीला फार महत्त्व आहे, फक्त तिचे माप बदलते. पर्वतावर समुदाय बदलण्यासाठी शेकडो मीटर चढावे लागते, तलावाच्या काठावर ते काम वीतभर उंची करते. पाळीच्या समोरच्या बाजूला, जिकडून पाण्याचा येवा असतो तिकडे, जमीन इतक्या हळू चढत जाते, की डोळ्यांना ती सपाटच वाटते. वनस्पती मात्र तो चढ अचूक ओळखतात आणि त्याच्या पायरीपायरीवर आपापले पट्टे आखून राहतात. सर्वांत खोल भागात पाण्याखालीच जगणाऱ्या जाती असतात, त्यांत हायड्रिला, सेराटोफायलम आणि व्हॅलिस्नेरिया प्रमुख. व्हॅलिस्नेरियाची लांब, फितीसारखी पाने तळाशीच राहतात, पण तिचे मादी फूल एका बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत वर येते. नर फुले तळाशीच सुटतात, बुडबुड्यांसारखी वर तरंगतात आणि वाऱ्याच्या लहरीवर घरंगळत मादी फुलापाशी पोहोचतात. परागीभवन झाल्यावर देठ मळसूत्रासारखा आखडतो आणि फळाला पुन्हा खाली ओढून नेतो. वर शिंगाड्याच्या वेली आणि कमळे लक्ष वेधून घेत असताना, त्यांच्या सावलीत हा सारा विवाहसोहळा कुणाच्याही नकळत पार पडतो.

त्यांच्या अलीकडे तरंगत्या पानांचा पट्टा लागतो, कमळ, कुमुद आणि कुमुदिनी यांचा. त्याच्याही अलीकडे उभ्या लव्हाळ्यांचा, कसेरूचा आणि देवधान म्हटल्या जाणाऱ्या रानधानाचा. लव्हाळी गवतासारखी दिसतात, पण ती गवते नव्हेत. ती मुस्ता कुलातली, म्हणजे नागरमोथ्याच्या घरातली आहेत. ओळखण्याची रीत सोपी आहे: गवताची काडी दोन बोटांत फिरवली तर गोल लागते, लव्हाळ्याची बहुधा तिनधारी. उंच पर्वतांवरच्या ओल्या कुरणांत सत्ता याच कुलाची असते, आणि इथेही पाणी व जमीन यांच्या सीमेवर याच कुलाचा पहारा आहे. दोन दूरच्या प्रदेशांत जाती वेगळ्या, पण कूळ तेच आणि कामही तेच, हे वनस्पतींच्या भूगोलातले फार बोलके साम्य आहे.

यानंतर येतो तो पट्टा म्हणजेच खरे ओले कुरण. पाणी इथे घोट्यापर्यंत येते, कार्तिकात मागे सरते, आणि माती मात्र पुढे कित्येक आठवडे पायाखाली दबत राहते. वीतभर उंचीची बारीक लव्हाळी, पांढऱ्या मण्यांसारखी फुले टोकावर धरलेले गेंद, जमिनीला चिकटून पसरणारी जलब्राह्मी, माका, काटेरी तालिमखाना, भाजीसाठी खुडली जाणारी नाळीची वेल, अशी सारी मंडळी इथे दाटीने राहतात. त्यांच्यात मार्सिलिया नावाची एक नेचेवर्गीय वनस्पती असते, जिची पाने चार पाकळ्यांच्या शुभचिन्हासारखी दिसतात. पाणी असेल तर ती पाने पृष्ठभागावर तरंगतात, पाणी गेले की तीच वनस्पती आखूड देठांची पाने काढून उभी राहते, आणि तीही सोय संपली की बीजाणूंच्या कठीण कवचाच्या डब्या चिखलात सोडून देते. त्या डब्या अनेक वर्षे कोरड्या राहूनही जिवंत असतात. जिथे मातीत पोषण फार कमी असते, विशेषतः बर्डी जमिनीच्या झिरपत्या कडांवर, तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पतींना वाव मिळतो; मुळांनी जे मिळत नाही ते त्या पानांच्या चिकट केसांनी किंवा पाण्याखालच्या सूक्ष्म पिशव्यांनी मिळवतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर हीच मंडळी अधिक प्रसिद्ध झाली. साताऱ्याजवळचे सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, आणि गेंद, सीतेची आसवे व वायतुरा ही नावे शहरी माणसांच्या तोंडी आली. कासला पाळ लागत नाही. जांभ्याचे कठीण कवच पाणी मुरू देत नाही आणि त्यावरचा मातीचा पातळ थर चार महिने भिजत राहतो. महाराष्ट्रात पर्वतावरचे ओले कुरण शोधायचे तर तिकडेच जावे लागेल, हे मान्य केले पाहिजे. पण कासचा मोसम दसऱ्याच्या सुमारास आटोपतो, तर झाडीपट्टीतल्या तलावाच्या काठावर खरी हालचाल तेव्हा सुरू होते. धान पोटरीतून बाहेर पडून दाणे भरू लागले, की तुडुम उघडले जाते, पाण्याची रेषा खाली सरकते, आणि रेषेमागोमाग एकेक पट्टाही खाली सरकतो. पर्वतावर जी रचना उंचीत वाचायची, ती इथे तारखांत वाचता येते: एकाच ठिकाणी उभे राहून श्रावणात कुमुद, अश्विनात लव्हाळी, मार्गशीर्षात माका आणि माघ-फाल्गुनात जांभळ्या गोंड्यांची गोरखमुंडी. या सगळ्यांचे घड्याळ धानाच्या गरजेवर लावलेले आहे, आणि ते लावणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

या घड्याळाची किल्ली हळूहळू गावाच्या हातून निसटली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५० साली मालकी हक्क रद्द करणारा कायदा झाला, मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मालगुजारीबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण पाळीवरचे झुडूप कोणी काढायचे, तुडुम कोणी आणि कधी उघडायचे, हे जे गावाच्या अंगवळणी पडलेले होते ते कार्यालयाच्या कागदावर उतरले नाही. कागदाला तलावाच्या दोनच अवस्था कळतात, भरलेला आणि आटलेला. त्यांच्या मधली, सहा महिने चालणारी, सतत खाली सरकणारी ओली किनार ही कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि जे रकान्यात बसत नाही ते मोकळी जागा समजले जाते.

याचा परिणाम गाळ काढण्याच्या कामांत स्पष्ट दिसतो. २०१४च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने आणि २०१७ सालच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावांच्या साठवणुकीला जे महत्त्व दिले ते योग्यच होते. गाळ काढल्याशिवाय तलाव जगत नाही, आणि तो गाळ शेतात पडला तर दोघांचेही भले होते. प्रश्न गाळ किती काढला याचा नसून तो कोणत्या आकाराने काढला याचा आहे. तळाचा उतार शंभरात एक असेल, तर पाणी एका वितीने, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटरने उतरल्यावर २२ मीटर रुंदीची ओली किनार उघडी पडते. यंत्राने तोच काठ खड्या भिंतीसारखा, दोनास एक असा कापला, तर तेवढ्याच उतरण्याने अर्ध्या मीटरहूनही कमी किनार हाती लागते. घनमीटरांच्या हिशेबात दुसरा तलाव पहिल्यापेक्षा सरस ठरू शकेल, आणि तरीही त्यात ओल्या कुरणाला पाय टेकवण्यापुरतीसुद्धा जागा उरलेली नसेल. सिएरा नेवाडातल्या कुरणांवरही वेगळ्या वाटेने हेच ओढवले: एकोणिसाव्या शतकातल्या बेसुमार चराईनंतर कित्येक ठिकाणी ओढ्यांनी आपली पात्रे खोल कापली, त्याबरोबर भूजल खाली गेले, आणि पाऊस-बर्फ पूर्वीइतकाच असूनही लव्हाळ्यांच्या जागी कोरड्या भूमीची झुडपे आली. पाणी आहे एवढे पुरत नाही, ते मुळांच्या आवाक्यात थांबावे लागते.

रिकाम्या समजल्या गेलेल्या काठावर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमाने मुक्काम ठोकला. तोडला तरी फुटणारी, गुरे तोंड लावत नाहीत अशी, पाण्यात आणि कोरड्यात सारखीच निबर वाढणारी ही झुडपी वेल जिथे पसरते तिथे पट्ट्यांची सारी आखणी पुसली जाते. तिच्याविरुद्ध आणि स्थानिक जलवनस्पतींच्या बाजूने उभे राहिलेले काम ढीवर समाजाच्या अनुभवातून आले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढीवर मच्छीमारांबरोबर, आणि पुढे ढीवर स्त्रियांच्या गटांबरोबर, असे मानले की स्थानिक मासे कमी झाले ते त्यांची अंडी व पिले ज्या वनस्पतींच्या आडोशाला वाढतात त्या वनस्पती गेल्या म्हणून. मग पावसाआधी बेशरम मुळासकट काढणे, तळाचा काही भाग नांगरून मऊ करणे, आणि पाणी आल्यावर दुसऱ्या निरोगी तलावांतून आणलेल्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी अशा जातींची लागवड करणे, असा क्रम त्यांनी बसवला. ही एक प्रकारची रोवणीच. फरक एवढाच, की हिची मळणी माशांच्या जाळ्यात होते. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची हे ज्यांनी सांगितले, त्यांनी वनस्पती-समुदाय हा शब्द कधी ऐकला नसेल, पण त्याची व्याख्या त्यांच्या हातांत होती.

ओल्या किनारीचा आणखी एक भोक्ता म्हणजे सारस. महाराष्ट्रात सारसांचे मुख्य आश्रयस्थान गोंदिया जिल्हाच राहिला आहे, आणि अलीकडच्या गणनांत इथली संख्या पन्नाशीच्याही आत राहते. माणसाच्या खांद्याला लागणाऱ्या या पक्ष्याला उथळ पाणी लागते, घरट्याच्या ढिगाऱ्यासाठी लव्हाळ्यांच्या काड्या लागतात, आणि चिखलातून चोचीने उकरून खाण्यासाठी त्याच लव्हाळ्यांचे कंद लागतात. धानाच्या बांधीत तो घरटे करतो खरा, पण बांधीत धान कापले गेल्यावर त्याला परतायला तलावाची किनारच असते. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला दीर्घकाळ राहिले आणि इथल्या रानाचे व पाखरांचे शब्द त्यांनी मराठी वाचकांच्या कानी घातले. त्या शब्दांतले बरेचसे अशाच, नकाशावर न दिसणाऱ्या पट्ट्यांत जन्मलेले आहेत.

या किनारीवरच्या देवधानाची गोष्ट थोडी निराळी आहे. लागवडीच्या धानाचा हा रानटी सगा त्याच्याशी सहज संकरित होतो, त्यामुळे बांधीत उगवला की शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो. त्याचे दाणे लांब कुसळांचे असतात आणि पिकताक्षणी गळून पडतात. विळा लागेपर्यंत वाट पाहणे हा गुण माणसाने हजारो वर्षांच्या निवडीने धानात आणला, देवधानात तो नाही. पण याच अवगुणामुळे त्याला मान आहे. नांगराने न पिकलेले अन्न खाण्याचा जो नेम ऋषिपंचमीला पाळला जातो, त्यात कोकणात देवभात चालतो. शेजारच्या छत्तीसगडात कमरछठच्या उपासाला पसहर नावाचा असाच रानतांदूळ शोधला जातो. माणसाने खणलेल्या, बांधलेल्या, दरसाल दार उघडून रिकाम्या केलेल्या तलावात उगवलेला हा दाणा नांगराचा स्पर्श न झालेला म्हणून पवित्र ठरतो, यात विसंगती आहे. पण तलाव खणणारी कुदळ आणि शेत फोडणारा नांगर यांच्यात व्रत करणाऱ्या बायांनी जो भेद केला, तो वनस्पतींनीही केलेला दिसतो. गळलेला दाणा कुसळाच्या आधाराने चिखलात तिरका रुतून बसतो. फाल्गुनात वरचा चिखल भेगाळतो, चैत्रात गुरे त्यावरून चालत जातात, वैशाखात भेगा हात जाईल एवढ्या रुंद होतात, आणि दाणा त्या भेगांतून आणखी खाली, जिथे थोडी ओल अजून उरलेली असते तिथपर्यंत घसरतो.